तेल जातंय कुठेतरी

सिग्नल सुटला, गाडी निघाली, आणि दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाता जाता मागून कुणीतरी खुर्चीला गुडघा मारावा तसा धक्का बसला. बाजूला बसलेल्या रिसेप्शनिस्टच्या मांडीवरची पर्स घसरून पायाशी पडली. पर्स उचलत रिसेप्शनिस्ट म्हणाली, "दमलात का मॅडम? हल्ली पाय जरा जोरात पडतो तुमचा." मायेनंच म्हणाली बिचारी. रोज सकाळी वाटेतल्या बसस्टॉपवरून तिला क्लिनिकपर्यंत आणायचं, एवढंच त्या दोघींचं नातं. "माझा पाय नाही गं, गाडीचंच दुखणं आहे," असं उत्तर पटकन तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर मात्र स्टिअरिंगवर बसलेली ती स्वतःच चपापली. कारण रिसेप्शनिस्ट हसली होती. "असेल, असेल," म्हणत, खांद्यावर थोपटल्यासारखं. ते हसू तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. तीन वर्षांपूर्वी बाबा हेच वाक्य बोलले होते, याच शब्दांत, आणि तेव्हा ती अशीच हसली होती.

दिवसभर ते हसू तिच्या मागंमागं फिरलं. ती कानांची तपासणी करते. लोक तिला कानवाल्या बाई म्हणतात. काचेच्या पलीकडे पेशंट, त्याच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. अलीकडे ती, बारीकबारीक आवाज सोडणारी. आवाज आला की बटण दाबायचं, इतकं सोपं. बहुतेक म्हातारी माणसं एकटी येत नाहीत, त्यांना कुणीतरी आणतं, आणि आणणारे दारातूनच सांगतात, "यांना काही ऐकू येत नाही हो, आता झालंच." यावर तिचं ठरलेलं उत्तर असतं: थांबा, आधी कानात मळ आहे का ते बघू. वीस वर्षांत किती तरी आजोबांच्या कानातून तिनं मळाचा गोळा काढला असेल आणि त्यांना पुन्हा माणसांत आणून सोडलं असेल. घरच्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होतात. आनंद असतोच, पण त्याच्याखाली थोडी लाज असते. चारचौघांत आपण यांना बहिरं म्हणत होतो, यांच्यासमोर यांच्याबद्दल बोलत होतो, आणि हे इतकंसं होतं! त्या दुपारी एका आजींच्या कानात दिवा टाकून बघताना तिच्या मनात आलं, बाबांच्या वेळी आपण दिवा टाकून बघितलाच नाही.

गाडी बाबांची. घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि गाडीही काही नवीकोरी नव्हती. आता काट्याखालच्या आकड्यांनी तीन लाख अकरा हजार ओलांडलेत. बाबा लिफ्ट तपासणीस होते. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट तपासून चालवायच्या की बंद ठेवायच्या ते सांगायचं, हे काम. एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पडले आणि डावा गुडघा कायमचा ताठ झाला. क्लच दाबणं संपलं. म्हणून ही आपोआप गिअर बदलणारी गाडी, तेव्हा गल्लीत कुणाकडेही नसलेली. ते चालवायला बसले की डावा पाय दाराशी नीट लांब करून ठेवत, त्याखाली घडी घातलेला टॉवेल. दादा सांगायचा, "बाबांचा डावा पाय सुट्टीवर असतो." तिला ते खरंच वाटे. मैत्रिणीच्या वडिलांच्या गाडीत पायाशी पेडलच्या तीन पट्ट्या दिसल्या, तेव्हा तिसरी त्या घरच्या आईसाठी असावी असं ती धरून चालली होती. सुट्टीत आजोळी जाताना चढ लागायचा. मागच्या सीटवर ती आणि दादा, मध्ये कलिंगड, पुढे आई खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं पदर सावरत. चढावर गाडी थोडी थांबल्यासारखी व्हायची, दीर्घ श्वास घ्यायची आणि खालच्या गिअरमध्ये उतरून हुंकार देत निघायची. बाबा म्हणायचे, "बघ, तिला न सांगता कळलं." त्या सुरात एवढा अभिमान असायचा की दादा एकदा फुरंगटून म्हणाला होता, "आम्हाला कळलं की असं कधी म्हणत नाही तुम्ही." आई इतकी हसली होती की गाडी बाजूला घ्यावी लागली. तिला आता त्या प्रवासातली गावं आठवत नाहीत, चढ आठवतो. सीटचं तापलेलं रेक्झिन मांड्यांना चिकटायचं ते, पेट्रोलच्या वासात मिसळलेला कलिंगडाचा वास, आणि आईच्या मानेवर चिकटलेले, सुटलेले केस.

झटक्यांची तर बाबांना व्यवसायानंच पारख. लिफ्ट थांबताना पोटात काय होतं त्यावरून ते दोराचं वय सांगत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी तिला याच गाडीवर शिकवलं. बाजूला बसून डोळे मिटून घेत आणि म्हणत, "चालव. मला कळता कामा नये कुठला गिअर कधी पडला." अशा माणसाला, ब्याऐंशीव्या वर्षी, तिनं सांगितलं होतं की बाबा, तुमच्या हातून गाडीला धक्के बसतात.

एकट्या तिनं नव्हे. आधी दादाशी फोनवर बरंच बोलणं झालं होतं. दादा दुसऱ्या शहरात, सुट्टीला येणारा, आणि तेव्हा नुकताच चार दिवस येऊन गेलेला. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ती दोघं बाबांकडे जरा बारकाईनं बघू लागली होती, म्हणजे चुका मोजू लागली होती. बाबा गाडीत पुन्हापुन्हा तेल घालायचे. गिअरबॉक्सचं लाल तेल, लांब नळीचं नरसाळं लावून. "परवाच तर घातलंत," असं तिनं म्हटलं की म्हणत, "तेल जातंय कुठेतरी." दादानं हुशारी केली. सकाळी गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं आणि संध्याकाळी ते उचलून आणून बाबांसमोर धरलं. कोरडं ठणठणीत. "बाबा, गळत असतं तर डाग नसता का पडला?" बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गळत नसेल. पण जातंय." नंतर स्वयंपाकघरात दादा हळूच तिला म्हणाला, "विसरतात गं. घातलेलं विसरतात आणि पुन्हा घालतात." तिनं मान हलवली होती. मग एका रविवारी बाबांनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली आणि सगळंच ठरलं. "तूच सांग, तुझं ऐकतात," दादा फोनवर म्हणाला. जेवणाच्या टेबलाशी तिनं सांगितलं, अगदी प्रेमानं, सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत. पेशंटशी बोलते तशी. बाबा शांतपणे म्हणाले, "मला ऐकू येतं." मग म्हणाले, "गाडीचंच दुखणं आहे ते." आणि ती हसली, खांद्यावर थोपटल्यासारखं. त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे तिच्या हातात दिली नाही. मीठ सरकवावं तशी मधोमध सरकवली आणि उठून गेले.

त्यानंतर ते तिच्याकडेच राहायला आले, आणि गाडीही आली. ती खाली पार्किंगमध्ये कापडाखाली उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी तिनं स्वतःची छोटी गाडी नोकरीला लागलेल्या लेकीला दिली आणि ही बाहेर काढली, तेव्हा बाबांना म्हणाली, "चला, चक्कर मारून येऊ." ते म्हणाले, "मला चालायला बरं." त्या गाडीत ते बसले म्हणून नाहीत. दवाखान्यात बसनं जातात, काठी टेकत. दोन गॅरेजवाल्यांनी गाडी धड न बघताच सांगितलं होतं, गिअरबॉक्स गेला, वय झालं, भंगारात द्या. फोनवर दादाही तेच म्हणाला. वय झालं. किती झटकन पटतं हे कारण! पटलं की पुढचं काही बघावंच लागत नाही.

शनिवारी अर्धा दिवस असतो. त्या शनिवारी ती घरी न जाता तिच्या एका जुन्या पेशंटकडे गेली. तो फक्त गिअरबॉक्सचीच कामं करतो. किडकिडीत, साठीचा, दोन्ही कानांना तिनंच बसवलेली मशीनं. गॅरेज म्हणजे एका गोदामाचा अर्धा भाग. भिंतीला ओळीनं पान्हे आणि एका खिळ्याला, सगळ्यांपेक्षा जपून, त्याचा धुतलेला शर्ट. तिला बघून तो उठला. "बाई, तुम्ही इकडे? मशीन तर झकास चाललंय माझं." ती म्हणाली, "आज माझं मशीन दाखवायला आणलंय."

त्यानं बॉनेट उघडलं नाही. आधी स्टूल पुढे केलं आणि विचारायला लागला. धक्का कधी बसतो, गाडी गार असताना की तापल्यावर? रोज की एखाद्या दिवशी? पहिल्यावरून दुसऱ्यावर, की दुसऱ्यावरून तिसऱ्यावर? रिव्हर्स टाकला की लगेच घेते की विचार करते? ती उत्तरं देत होती आणि मनातल्या मनात चकित होत होती. हे सगळे प्रश्न तिचेच होते. दोन्ही कान की एक? गर्दीत की शांततेत? "आणि कधीपासून?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "दोन महिने." मग थांबली. मग म्हणाली, "नाही. मी चालवते त्याला दोन महिने झाले. आधी वडील चालवायचे. त्यांच्या वेळीही बसायचे धक्के. आम्हाला वाटलं, त्यांचंच..." वाक्य तिथंच राहिलं. त्यानं ते ओढलं नाही. "चला, बसू," म्हणाला, आणि गाडीत बसण्याआधी कानातली दोन्ही मशीनं काढून डबीत ठेवली. "गाडी मला पाठीनं ऐकू येते. मशीन लावलं तर नुसते हॉर्न ऐकत बसेन."

तो चालवत होता, ती बाजूला. पायाचा दाब असा हलका की एरवी ती म्हणाली असती, काय मुंगीच्या चालीनं. वेग वाढत गेला, इंजिन ओरडायला लागलं, तरी गिअर बदलेना. मग अचानक, धाड. तिनं त्याच्या पायाकडे बघितलं. पाय जागच्या जागी होता, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवावा तसा. म्हणजे इतक्या हलक्या, इतक्या जाणत्या पायाखालीही गाडी तसाच धक्का देते. बाबांचाही पाय असाच असणार. तिला तो आठवत होताच की, त्याच पायाकडे बघून तर ती शिकली होती. मग त्या शेवटच्या दिवसांत ती मागच्या सीटवरून नेमकं काय बघत होती? पाय नव्हे. त्यांच्या मानेवरची सैल कातडी बघत होती, हातावरचे तपकिरी डाग, आरशात दिसणारे पाणावलेले डोळे. धक्का बसायचा आणि तिची नजर या सगळ्यावरून फिरून यायची, आणि दोन्हींची बेरीज आपोआप व्हायची.

परत आल्यावर त्यानं इंजिन चालूच ठेवून तेलाची पट्टी ओढून काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली, पुन्हा घालून पुन्हा काढली. तेल खुणेच्या बरंच खाली होतं. फडकं नाकाशी नेलं, मग तिच्यापुढे धरलं. "करपलेला वास येतोय? नाही ना? रंगही लालच आहे. आतून जळाली असती तर काळं पडलं असतं. गिअरबॉक्स गेला म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं." मग गाडीखाली टॉर्च मारून आला. "थेंब नाही कुठे. तरी तेल कमी." कानात पुन्हा मशीन बसवत त्यानं विचारलं, "पांढरा धूर सोडते का मागून?" सोडते की. बिल्डिंगमधले कुरकुरतात. त्याचा चेहरा खुलला. तिला वाटलं, मळ दिसल्यावर आपलाही चेहरा असाच होत असेल.

गाडी वर चढवून तो खाली शिरला आणि तिलाही वाकून बघायला लावलं. गिअरबॉक्सच्या अंगाला चिकटलेली, शाईच्या दौतीएवढी पत्र्याची डबी, तिच्यातून वर इंजिनाकडे गेलेली रबराची नळी. त्यानं नळी चिमटीत धरून उपसली आणि नळीचं तोंड तिच्या तळहातावर उलटं केलं. दोन थेंब पडले. लाल.

"इथं फक्त हवा असायला पाहिजे," तो म्हणाला. "इंजिन किती दमतंय ते ही डबी गिअरबॉक्सला सांगते. आत रबराचा पडदा असतो. तो फाटला की गिअरबॉक्सला वाटतं, गाडी कायम चढावरच आहे. मग तो उशिरा बदलतो, आणि दातओठ खाऊन बदलतो. आणि फाटक्या पडद्यातून इंजिन तेल ओढून घेतं, जाळून टाकतं. तोच तो धूर. गाडी तेल गाळत नाही बाई, पिते." ती तळहाताकडे बघत राहिली. "किती दिवस झाले असतील?" "दिवस? एकदम नाही फाटत तो. आधी टाचणीएवढं भोक. एक दिवस धक्का, चार दिवस नाही. मग रोज. चारेक वर्षं सहज. कुणीतरी वेळच्या वेळी तेल घालत होतं म्हणून आतलं सगळं वाचलंय. नाहीतर कधीच बसली असती. कोण घालत होतं?"

"माझे वडील," ती म्हणाली. तिनं फडकं मागून हात पुसायला घेतला आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिली. बदलायची डबी त्याच्याकडे होती. काम अर्ध्या तासाचं. तो अर्धा तास ती स्टुलावर बसून होती. जे तीन वर्षांपूर्वी झालं असतं ते आत्ता होत होतं. या तीन वर्षांत बाबांनी स्वतःहून बाहेर जाणं सोडलं होतं, मित्राकडे पत्ते खेळायला जाणं सोडलं होतं, कुठल्याही गोष्टीत "मला वाटतं" म्हणणं सोडलं होतं. खरंच विसरायलाही लागले होते अलीकडे. हे होणारच होतं की आपण होणार म्हटलं म्हणून झालं, हे आता कुठल्या नळीचं तोंड उलटं करून कळणार होतं?

घरी बाबा खिडकीपाशी भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. ती चप्पल न काढताच समोर जाऊन बसली. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा जुळवलं होतं. ते सगळं कुठल्या कुठे गेलं. "बाबा, गाडीचंच दुखणं होतं," ती म्हणाली. "तेल जात होतं. इंजिन पीत होतं." आणि मग डबी, पडदा, नळी, लाल थेंब, सगळं एका दमात, घाईघाईनं, शब्दांत शब्द अडकत. पेशंटशी बोलते तसं नाही. शाळेतून आलेली पोर बोलते तसं.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. "इंजिन पीत होतं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं त्यांच्या डोळ्यांत असा उजेड आला की तिला चढावरचे बाबा दिसले. "अरे! म्हणून कागद कोरडा. मी गाडीखालीच शोधत राहिलो. वर बघायचं सुचलं नाही मला."

"बाबा, आम्ही तुमचं ऐकलं नाही."

"नाही ऐकलंत."

"मी तुम्हाला..."

"थांब, ठकू." लहानपणचं नाव त्यांनी कितीतरी दिवसांनी घेतलं होतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "धक्के गाडीचे होते. पण तो खांब होता ना फाटकाचा, तो मला दिसलाच नव्हता. घासल्यावर कळलं खांब आहे. तुम्हाला सांगितलं नाही, घाबरलो. तिचंही दुखणं होतं, माझंही होतं. दोघांचं एकदमच निघालं, त्याला काय करणार?"

हलकं वाटावं की आणखी जड, हे तिला कळेना. तीन वर्षं हे एवढं गुपित घेऊन हा माणूस त्या खिडकीत बसला होता, आणि आपल्याला वाटत होतं तो रागावलाय. खरं तर दोन्ही असेल. रागही असेल, आणि त्या रागावर पूर्ण हक्क नाही याची टोचणीही. तिनं पर्समधून किल्ली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. "चला. खाली तरी चला. आवारातल्या आवारात."

ते उठले. जिना उतरायला त्यांना नेहमीपेक्षा कमी वेळ लागला असं तिला वाटलं. ते चालवायच्या जागेवर बसले, दोन्ही हातांनी उचलून डावा पाय दाराशी लांब केला. इंजिन सुरू करून नुसते ऐकत राहिले. मग रिव्हर्स टाकला, पुन्हा पुढचा गिअर, आणि गाडी आवारातून सावकाश, भिंतीला समांतर, फाटकाच्या दिशेनं निघाली. ती बाजूला बसली होती. फाटकाच्या बरंच अलीकडे त्यांनी ब्रेक दाबला आणि पुढे वाकून, डोळे बारीक करून, दोन्हीकडचे खांब शोधले. एक सापडला. दुसरा सापडायला वेळ लागला.

मग त्यांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली. "हात पुढे कर," म्हणाले, आणि तिच्या तळहातावर किल्ली ठेवून तिची बोटं स्वतःच्या हातांनी मिटली. "तेव्हा तुम्ही घेतली होतीत. आता मी देतोय."

ते उतरले, बॉनेटला हात लावत लावत गाडीला वळसा घालून आले, आणि ती सरकेपर्यंत दारात उभे राहिले. तिनं डोळे पुसले, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला केला. बाबांनी बाजूला बसून दार ओढून घेतलं.

"कुठे जायचं बाबा?"

"कुठेही," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. "पण तिसरा गिअर पडेल इतकं लांब तरी ने."